उरलेला चुना

तुमच्या मंडळीच्या कबरस्तानातला सगळ्यात मागचा कोपरा कोणाचा आहे, हे तुम्ही कधी विचारलंय?

पुढच्या रांगा कोणाच्या, ते तुम्हाला पाठ असेल. पहिले पाळक, मग शाळेचे मुख्याध्यापक, मग पंच मंडळी, मग ज्यांच्या नातवंडांनी काळा ग्रॅनाइट बसवून घेतला ते. मी मागच्या कोपऱ्याबद्दल विचारतेय. जिथलं गवत कोणी कापत नाही. जिथे वाळलेले हार आणि मेणबत्त्यांची रिकामी खोकी नेऊन टाकतात. तिथेही माणसं पुरलेली आहेत, म्हणून विचारते.

नाशकात द्राक्षं आली आहेत. दिंडोरीकडून क्रेट भरलेले ट्रॅक्टर येतात आणि वळणावर जे मणी सांडतात त्यांच्यावर दुपारपर्यंत मधमाश्या घोंगावत असतात. सुट्या मण्यांच्या हातगाड्या चौकाचौकात लागल्या आहेत. कडुलिंबाला मोहोर आलाय. दहावीची पोरं पुस्तकात तोंड खुपसून रिक्षात बसतात. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. लहानपणापासून हे सगळं माझ्या नाकात दोन वासांनी भरलेलं आहे. द्राक्षाचा आंबूस गोड वास, आणि त्याच्या मागून पाणी पडताच फसफसणाऱ्या कळीच्या चुन्याचा. यंदा तो दुसरा वास मी स्वतः केला. एकटीने. आई गेली, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी.

आमचं घर पत्रिकांचं होतं. लग्नाच्या नव्हे, शुभवर्तमानाच्या. पलंगाखाली गठ्ठे, कपाटावर गठ्ठे, टेबलाचा पाय हलतो म्हणून त्याखाली घडी करून एक. माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रिकांचीच कव्हरं असायची. मी वाचायला शिकले ती ‘मृत्यूनंतर काय?’ आणि ‘तुमचा पाया कशावर आहे?’ असल्या मथळ्यांवर. इतर पोरी चिऊकाऊवर शिकल्या. पप्पा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी शबनम खांद्याला लावून एसटी स्टँडवर जायचे आणि येईल त्याच्या हातात पत्रिका द्यायचे. एकदा येवल्याच्या गाडीच्या कंडक्टरने चांगल्या मूठभर मागून घेतल्या. पप्पा खूश. थोड्या वेळाने पाहतात तर तो आणि ड्रायव्हर त्यावर भेळ घेऊन बसलेले. मला हसू आवरेना. पप्पा शांतपणे म्हणाले, “असू दे. खाता खाता वाचेल.”

पत्रिका कशी लिहायची, हेही त्यांनीच शिकवलं. प्रश्नाने सुरू कर. विनंतीने संपव. मधे वाचकाला पळून जायला फट ठेवू नकोस. आज मी जे काही लिहिते ते याच तीन वाक्यांवर चालतं, आणि हा लेखही.

पप्पा तत्त्वाचे होते. आमच्या उपासनामंदिरात पुढचा बाक पंचांसाठी राखीव असे. “प्रभूच्या घरात राखीव जागा कशी?” असा प्रश्न त्यांनी भर सभेत विचारला आणि उत्तर मिळालं नाही म्हणून आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसले. पाळकांनी, पंचांनी, आईने, सगळ्यांनी सांगून पाहिलं. नाही. मला त्यांचा अभिमान होता. आजही आहे. म्हणून पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्याकडे उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झाला की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळी मंडळी कबरस्तानात जमते. रविवारी, ईस्टरच्या पहाटे, पुनरुत्थानाची उपासना तिथेच होते, त्याआधी कबरी साफ करायच्या, चुना मारायचा, फुलं ठेवायची. बाहेरच्या माणसाला हा शोकाचा दिवस वाटेल. तसा तो मुळीच नाही. डबे येतात, पोरं कबरींवरून उड्या मारतात, बाया एकमेकींच्या कबरींवर नजर ठेवून असतात.

माझ्या दहावीच्या वर्षीचा तो शनिवार मला अजून कानांनी आठवतो. पगारे अंकल, मंडळीचे ज्येष्ठ पंच, नळापाशी पाइप धरून उभे होते.

“पाणी जपून घ्या! मेलेल्यांना आंघोळ घालायची नाहीये!”

आमच्या शेजारच्या मार्थाकाकू सासऱ्याच्या कबरीवर तिसरा हात मारत होत्या. कोणीतरी ओरडलं, “मार्थाकाकू, बास की आता! जिवंतपणी म्हाताऱ्याला एवढा पांढरा सदरा कधी घातला होता का?”

“घातला असता, पण तंबाखूची पिंक टाकायचा ना त्यावर!” काकू म्हणाल्या. मग नळाकडे वळून, “अंकल, तुम्ही पाणी राखताय, तिकडे तुमच्या बापाच्या चुन्यात नीळ जास्त पडलीय. निळा पडलाय बघा म्हातारा!”

पगारे अंकल पाइप टाकून धावले. सगळं कबरस्तान हसलं. मीही.

आमच्या वाट्याला आजोबांची, म्हणजे पप्पांच्या वडिलांची कबर होती. दुसऱ्या रांगेत, चाफ्याजवळ. चुना पप्पा आणायचे, भद्रकालीच्या बाजारातून, कळीचा. ते आणायचे नेहमी गरजेपेक्षा जास्त. एका कबरीला लागतो तरी किती? पण पिशवी इतकी जड की सायकलचं हँडल एका बाजूला झुकायचं. मी विचारलं की एकच उत्तर, “कमी पडायला नको.” आई तो सगळा भिजवायची. जी आई साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरायची, काडीपेटीच्या काड्या जपायची, ती चुना मात्र बादलीभर करायची. मग आजोबांची कबर झाली की म्हणायची, “उरलाय तेवढा मागच्या भिंतीला मारून येते. वाया कशाला घालवायचा.” आणि बादली, काथ्याचा कुंचला आणि फुलांची टोपली घेऊन एकटीच मागे निघून जायची. आम्ही डबा उघडेपर्यंत परत यायची. दरवर्षी. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. लहानपणी आईबापांच्या सवयी घराच्या भिंतींसारख्या असतात, त्या कोणी बांधल्या हे आपण विचारत नाही.

त्या वर्षी चुना ढवळताना तो उसळला आणि आईच्या मनगटावर उडाला. खोबरेल लावलं तरी तिला बादली धरवेना. पप्पा कुंपणाची तार बांधायला गेले होते. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “चल, तू उचल.”

मी बादली घेऊन तिच्या मागे गेले. रांगा संपल्या, वाट संपली, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत सुरू झालं. ती भिंतीकडे गेलीच नाही. भिंतीच्या अलीकडे, बोरीच्या झुडपाखाली, कडेने विटा लावलेला एक उंचवटा होता. एवढासा. मला आधी वाटलं कोणाचं तरी कुत्रं पुरलंय. मग विटांवर चुन्याचे थर दिसले. वर्षानुवर्षांचे, एकावर एक, पापुद्र्यांसारखे सुटत चाललेले.

आई खाली बसली. दुखऱ्या हाताने पदर सावरला.

“ही चिमी. तुझी मोठी बहीण.”

मी बादली खाली ठेवली.

आईने जे सांगितलं ते मधेमधे थांबत, गवत उपटत सांगितलं. चिमी त्या दोघांची पहिली लेक. आमच्या मंडळीत लेकरांचा बाप्तिस्मा होतो. पप्पांनी तेव्हा नुकतंच खूप वाचलं होतं आणि त्यांचं मत पक्कं झालं होतं, की बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्याचा असतो, आणि पाळण्यातलं लेकरू विश्वास ठेवू शकत नाही. ते मोठं झाल्यावर स्वतः मागेल तेव्हा घेईल. पंचांशी वाद झाला. पप्पांनी स्वतःची पहिली पत्रिका लिहिली, स्वखर्चाने छापली, ‘लेकराचा बाप्तिस्मा: विश्वास कोणाचा?’ आणि रविवारी फाटकाशी उभं राहून मंडळीतल्याच माणसांना वाटली. त्यात एक वाक्य होतं, आईला ते पाठ होतं. बाप्तिस्मा न झालेलं लेकरू देवाचं आहे, पण ते अजून मंडळीचं नाही.

त्यानंतरच्या उपवासकाळात, अशीच द्राक्षं आलेली असताना, चिमीला ताप आला. तो उतरला नाही.

“पगारे अंकल घरी आले,” आई म्हणाली. “चांगले बसले, रडले. मग म्हणाले, तुम्हीच छापून वाटलंत ना, की लेकरू मंडळीचं नाही म्हणून? आता मंडळीच्या रांगेत जागा कशी देणार? पहिल्यापासून नेम आहे. बाप्तिस्मा नाही तर रांग नाही.”

“पप्पा काय म्हणाले?”

“काय म्हणणार? त्यांचंच वाक्य होतं.”

तिने कुंचला बादलीत बुडवला आणि विटांवर फिरवायला सुरुवात केली. “घंटा वाजली नाही. खड्डा तुझ्या पप्पांनीच खणला. मी म्हटलं, एखादं गीत तरी म्हणा. त्यांना आवाजच फुटेना. स्टँडवर एवढं बोलणारा माणूस.”

मग तिने फुलांची टोपली जवळ ओढली. ती टोपली आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून होती. कागदाच्या लगद्याची, वरून गेरू फासलेली. कांदे ठेवायची, एरवी. “ही कशाची आहे माहितीये? त्या पत्रिकांचे उरलेले गठ्ठे त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याच्या पिंपात टाकले. मी आठवडाभर पाहत होते. मग काढले, मेथी घालून कुटले, टोपली थापली. कागद चांगला होता.”

ती एवढं म्हणाली आणि झेंडूची फुलं त्या टोपलीतून काढून चिमीवर ठेवत राहिली.

मी तेव्हापासून हा प्रश्न उलटसुलट करून पाहिलाय. कोण बरोबर होतं? विश्वास उसना घेता येत नाही, हे पप्पांचं म्हणणं मला आजही पटतं. लेकराला आपल्या घरात जन्मताच आपल्या पंगतीत बसवावं, ही मंडळीची रीतही मला समजते. दोन्ही बाजूंना शास्त्र आहे, दोन्ही बाजूंनी विद्वान आहेत आणि दोन्ही बाजूंच्या पत्रिका आमच्या पलंगाखाली होत्या. पण वाद दोन बाजूंचा असला तरी कोपऱ्यात तिसरीच गेली. जिला बोलताही येत नव्हतं. येशूने लेकरांना जवळ बोलावलं तेव्हा अडवणारे कोणी परके नव्हते, त्याचेच शिष्य होते, आणि त्यांनाही आपण नेमच पाळतोय असं वाटलं असेल. दावीद राजाचं लेकरू सातव्या दिवशी गेलं, आठव्या दिवशीची सुंता व्हायच्या आत. त्या बापाने तोंड धुतलं आणि सांगितलं, की आता ते माझ्याकडे येणार नाही, मीच त्याच्याकडे जाईन. कोपऱ्यात जाईन, असं तो म्हणाला नाही.

आणि तुम्ही चुना लावलेल्या कबरींसारखे आहात, बाहेरून पांढरे आणि आत हाडं, असं येशूने ढोंगी शास्त्र्यांना सुनावलं, ते दरवर्षी त्याच आठवड्यात आमच्याकडे वाचलं जातं. आम्ही ऐकतो, आमेन म्हणतो, आणि शनिवारी कुंचला घेऊन निघतो.

पप्पांबद्दल आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. माझा बाप्तिस्मा मी मान धरायच्या आधी झालाय. पुढचा बाक ज्याने कधी स्वीकारला नाही, तो माणूस मला कुशीत घेऊन त्याच पंचांसमोर उभा राहिला, मान खाली घालून. त्यांचं मत बदललं होतं का? आई म्हणाली, “मत नाही बदललं. भ्याले ते.” आणि चुन्याची जड पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. कमी पडायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाट. आमच्याकडची रीत सांगते. सगळे अंधारातच येतात. प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी मेणबत्ती लावून उभं राहतं. फाटकातून मिरवणूक निघते, पुढे पगारे अंकल क्रूस धरून, मागे पाळक, मागे गाणारी पोरं. ती एकेका कबरीपाशी थांबते. पाळक म्हणतात, “ख्रिस्त उठला आहे.” त्या घरचे लोक उत्तर देतात, “खरोखर उठला आहे.” मग मिरवणूक पुढे. त्या कबरीतल्या माणसाच्या वतीने त्याच्या घरच्यांनी उत्तर द्यायचं, असा त्याचा अर्थ. लहानपणी मला आजोबांच्या वतीने उत्तर द्यायला फार आवडायचं. मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

त्या पहाटे आई आजोबांच्या कबरीपाशी आली नाही. ती सरळ मागे गेली. रात्री ती पप्पांना एवढंच म्हणाली होती, “पोरीला सांगितलं. आता लपवायचं कशाला?” मी दोघांच्या मधे, शेवटच्या रांगेच्या टोकाशी उभी राहिले. मला कुठे जावं कळेना.

मिरवणूक निघायच्या आधी पगारे अंकल मागे आले. त्यांनी हळू आवाजात, अगदी मायेने सांगितलं, “वहिनी, इकडं या. तुमची जागा रांगेत आहे.”

आई मूळची देवळ्याकडची. नाशकात येऊन तिची बोली केव्हाच धुऊन निघाली होती, मंडळीत तर ती पुस्तकासारखं बोलायची. त्या वेळी तिच्या तोंडून माहेरची अहिराणी आली.

“मनी पोर तठे एकलीच शे,” ती म्हणाली.

माझी पोर तिथे एकटीच आहे. पगारे अंकल उभे राहिले. परत गेले.

मिरवणूक निघाली. पहिली रांग. दुसरी. हाक, उत्तर. हाक, उत्तर. मार्थाकाकूंचा किनरा आवाज. मग शेवटची रांग. मी आईकडे पाहत होते. मेणबत्तीभोवती तिने दुखरा हात आडवा धरला होता, वारा लागू नये म्हणून. तिचे ओठ किंचित उघडे होते. उत्तर तयार होतं तिच्याकडे. क्रूस शेवटच्या कबरीपाशी थांबला, हाक झाली, उत्तर झालं. पगारे अंकलांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मेणबत्ती दिसत होती त्यांना, आणि पाळकांनाही. मग अंकल वळले आणि त्यांच्यामागे सगळी मिरवणूक वळली. आईचे ओठ तसेच होते. उत्तर होतं, हाक मारणारं कोणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर मिरवणूक दुसऱ्या रांगेजवळून गेली आणि तेव्हा आवाज आला. पप्पांचा. आजोबांच्या कबरीपाशी ते एकटे उभे होते. त्यांचं उत्तर देऊन झालेलं होतं, आता त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पण ते कबरीकडे पाठ करून, कोपऱ्याकडे तोंड करून ओरडले. स्टँडवर गाड्यांच्या आवाजावर चढवायचे तसा आवाज चढवून.

“खरोखर उठला आहे!”

गाणारी पोरं दचकून थांबली. पाळकांनी मागे वळून पाहिलं. पप्पा पुन्हा ओरडले नाहीत.

मी पंधरा वर्षांची होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला. दोन रांगा चालून जायला काय झालं होतं? तत्त्वासाठी आयुष्यभर मागच्या बाकावर बसता येतं, आणि लेकीसाठी कोपऱ्यात जाता येत नाही? घरी येताना मी हे आईला बोलूनही दाखवलं. द्राक्षांचा एक ट्रॅक्टर आमच्या बाजूने गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

“ऐकू आलं ना तिथपर्यंत,” ती म्हणाली. “बास.”

पप्पा जाऊनही आता काही वर्षं झाली. ते दुसऱ्या रांगेत आहेत, आजोबांच्या शेजारी. चिमीच्या उंचवट्यापाशी मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. पण दरवर्षी पिशवी तितकीच जड यायची. शेवटच्या वर्षी त्यांना सायकल चालवता येत नव्हती तर रिक्षाने आणली.

गेल्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मला रांगेत ठेवू नका. चिमीशेजारी ठेवा. “तुझ्या पप्पांना आजोबा आहेत सोबतीला,” ती म्हणाली. “तिला कोण आहे?”

मी पाळकांकडे गेले. नवीन आहेत, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि सांगितलं की पंचांना विचारावं लागेल. पंचांची सभा झाली. पगारे अंकल आता काठीने चालतात, तरी आले.

“तुझ्या आईला तिथं?” ते म्हणाले. “अगं, प्रभुभोजनाचा द्राक्षारस इतकी वर्षं तिच्या हातचा प्यायलो आम्ही. तिला त्या कोपऱ्यात टाकू? लोक काय समजतील तिच्याबद्दल?”

“तेच समजतील जे तुम्ही माझ्या बहिणीबद्दल समजलात.”

“बाळा, नेम मी नाही केला. मला मिळाला, तो मी सांभाळला.”

“सांभाळायला लेकरू दिलं होतं, अंकल. नेम नव्हता दिला.”

त्यांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं जिंकले मी. वाद जिंकल्याचा तो आनंद मी ओळखते, पप्पांकडून आलाय तो. पण ते काठी टेकत उठले आणि फार थकलेल्या आवाजात म्हणाले, “तुझ्या बापाशी पण मी हाच वाद घातला होता. तोही असाच बोलायचा. बरोबर बोलायचा. काय उपयोग झाला?”

सभेने ठरवलं की कोपरा बंद आहे, तिथे आता कोणालाही पुरायचं नाही. आईला दुसऱ्या रांगेत ठेवलं. घंटा वाजली. पाळक सुंदर बोलले. तिच्यावर पहिली मूठ माती पगारे अंकलांनी टाकली, आणि अर्धी माती त्यांच्याच चपलांवर पडली. मी त्यांचा द्वेष करू पाहिला. जमलं नाही. ते वाईट असते तर सोपं झालं असतं. चांगली माणसं नेम सांभाळत बसतात तेव्हा कोणाशी भांडायचं?

आईला रांग मिळाली. मागितला होता कोपरा. मी तिची मुलगी, लिहिते, बोलते, सभा गाजवते, आणि एवढी एक जागा मला तिला मिळवून देता आली नाही.

म्हणून यंदा मी चुना भिजवला. भद्रकालीतला तो दुकानदार म्हणाला, “एवढा कशाला, ताई? आता लोक डिस्टेंपरचा डबा नेतात.” मी म्हटलं, कमी पडायला नको. घरी येऊन पाणी ओतलं आणि तो फुलायला लागला तेव्हा वाफेत मला काही दिसेना. टोपली आहे अजून. एका बाजूने झिजलीय, आणि उजेडात धरली की एका ठिकाणी लगद्यात न कुटला गेलेला कागदाचा तुकडा दिसतो. त्यावरचं अक्षर वाचता येत नाही. मी प्रयत्नही केला नाही.

मी पाळकांना विचारलंय, यंदा मिरवणूक कोपऱ्यापर्यंत न्याल का? ते म्हणाले, “बघू या.” पगारे अंकलांना विचारलं. ते म्हणाले, “माझे पाय राहिले नाहीत गं तिथवर चालायला.” त्याचा अर्थ काय घ्यायचा, मला कळलेलं नाही.

चिमीच्या शेजारी आणखी उंचवटे आहेत. एक माझ्या पाहण्यात आलेला, ज्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं त्या तरुणाचा. एक ज्या बाईचं लग्न मंडळीला मान्य नव्हतं तिचा. बाकीचे कोणाचे, सांगणारं आता कोणी नाही. तुमच्याही गावी असा कोपरा असेल. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी असेल. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे, कुठेतरी. रांग जिथे जिथे आहे तिथे तिथे कोपरा असतोच.

तर विनंती. या शनिवारी तुमच्या माणसांच्या कबरी पांढऱ्या करून झाल्या, की बादलीत उरलेला चुना ओतून देऊ नका. तो घेऊन मागे जा. गवत बाजूला करा, जे कोणी सापडेल त्याला तो लावा. आणि रविवारी पहाटे शेवटच्या रांगेशी क्रूस वळला, तर तुम्ही वळू नका. तसेच सरळ पुढे चालत या आणि तिथे जाऊन मोठ्याने हाक मारा. उत्तराची काळजी करू नका. मी बोरीपाशी मेणबत्ती घेऊन उभी असेन.